काखेतीचा पुरलेला रांजण व घरचा पाहुणा

द्राक्षाचें पीक आणणें ही एक विद्या आहे, व आलेल्या पिकास गिऱ्हाईक मिळविणें ही दुसरी. पहिल्या विद्येंत आमच्याकडील नाशिक-सांगलीचे बागाइतदार कोणासहि हार जाणारे नाहींत. दुसरींत मात्र त्यांस वारंवार ठेंच लागलेली आहे, हें या मासिकाच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. जगांत असा एक प्रांत आहे कीं, जेथील लहान बागाइतदाराचें सर्वांत मोठें गिऱ्हाईक एका हुकुमासरशीं नाहींसें झालें. तरी पुष्कळांचा वेल शेतांत राहिला, व आज दूरदूरचे लोक त्यांच्या घरीं उतरून, त्यांचेंच अन्न जेवून, त्यांचीच वाइन विकत घेऊन जातात. हा प्रांत म्हणजे जॉर्जिया देशाचा पूर्वभाग, काखेती. तेथील रीत काय आहे, तिच्या योगानें शेतकरी कितपत तरला, व आपण तींतून काय घ्यावें, एवढें सांगण्याचा या लेखाचा हेतु आहे.

या विषयाकडे आमचें लक्ष जाण्यास घरचेंच कारण घडलें. आम्ही महसूल खात्यांत कारकुनी करून निवृत्त झालों. आमचे धाकटे बंधु निफाड तालुक्यांत द्राक्षबाग करितात. महाराष्ट्र सरकारनें २००१ सालीं द्राक्षप्रक्रियेचें धोरण जाहीर केल्यावर वाइनचे कारखाने निघाले, विंचूर व पलूस येथें त्यांच्याकरितां खास वसाहती झाल्या, आणि वाइनच्या जातींची लागवड करण्याविषयीं शेतकऱ्यांस आग्रह होऊं लागला. बंधूंनीं २००६ सालीं एका कारखान्याशीं करार करून दोन एकर लागवड केली. करारनामा आम्हींच वाचून पाहिला होता. त्यांत भाव लिहिलेला होता, मुदत लिहिलेली होती; आणि ‘माल पसंतीस उतरल्यास व कारखान्यास आवश्यकता असल्यास’ हे शब्दहि लिहिलेले होते. सरकारी कागद वाचण्यांत ज्यांची हयात गेली त्या आमच्या डोळ्यांखालून ते गेले, व ‘सही करण्यास हरकत नाहीं’ असें आम्हीं सांगितलें. २००८ च्या अखेरीस जगभर मंदी आली, मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलें ओस पडलीं, वाइनचा खप बसला. आणि पुढील दोन हंगामांत कारखान्यास ‘आवश्यकता’ राहिली नाहीं. वाइनचें द्राक्ष बारीक, जाड सालीचें व बियांचें. तें पेटींत भरून खाण्याच्या बाजारांत खपत नाहीं, आणि त्याचा बेदाणाहि धड होत नाहीं. २०१० सालीं बंधूंनीं ती बाग उपटली. त्या काळांत अशा बागा कित्येकांनीं उपटल्या.

बंधूंचा मुलगा हल्लीं जॉर्जियाची राजधानी तिबिलिसी येथें वैद्यकीचें शिक्षण घेत आहे. भारतांतील पुष्कळ विद्यार्थी त्याकरितां तेथें जातात. त्यास भेटण्यासाठीं आम्ही उभयतां बंधु सप्टेंबरअखेर तिकडे गेलों, व पांच दिवस काखेतींत तेलावी गांवाजवळ एका शेतकऱ्याच्या घरीं भाड्यानें राहिलों. पुतण्या दुभाष्याचें काम करी. आम्ही मद्य घेत नाहीं, हें आरंभींच सांगून ठेवतों; जें पाहिलें तें बागाइतदाराच्या दृष्टीनें पाहिलें.

देश व बाग.— जॉर्जिया हा काळा समुद्र व कॉकेशस पर्वत यांच्या आश्रयास असलेला लहानसा देश. लोकसंख्या चाळीस लाखांच्या आंत. त्याच्या पूर्वेस अलाझानी नदीचें रुंद खोरें आहे. उत्तरेकडे कॉकेशसचीं हिमाच्छादित शिखरें, व पायथ्याच्या सपाटीस द्राक्षाच्या रांगा, असा तेथील देखावा. देशांतील बहुतेक द्राक्षबागा याच खोऱ्यांत व आसपास आहेत. तिबिलिसीच्या दक्षिणेस गदाच्रिली गोरा नांवाच्या टेकाडावर सांपडलेल्या मातीच्या भांड्यांच्या तुकड्यांची रासायनिक परीक्षा करण्यांत आली; २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांवरून तेथें सुमारें ८,००० वर्षांपूर्वीं द्राक्षाची वाइन होत असे, असें दिसून आलें. देशी जाती ५०० हून अधिक सांगतात. त्यांत पांढऱ्यांत रकत्सितेली व काळ्यांत सापेरावी या मुख्य. सापेरावी या शब्दाचा अर्थच ‘रंग देणारी’ असा आहे, कारण तिची सालच नव्हे तर गरहि लाल असतो.

आमच्याकडे वेल झोंपत नाहीं, म्हणून एप्रिलांत खरड छाटणी व ऑक्टोबरांत गोडी छाटणी अशा दोन छाटण्या कराव्या लागतात, व फळ जानेवारी ते मार्च या काळांत येतें. तेथें हिवाळ्यांत बर्फ पडतें, वेल पानें टाकून निजतो; सबब छाटणी एकच, ती थंडीच्या शेवटीं, व तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरांत. गारपीट मात्र दोहींकडे सारखीच वैरीण. जमिनीची वांटणी ऐकून आम्हांस विशेष वाटलें. सोव्हिएत अमलांत सर्व जमीन सामुदायिक होती. देश स्वतंत्र झाल्यावर १९९२ सालापासून ती कुटुंबांस वांटण्यांत आली, व शेतकरी कुटुंबास जास्तींत जास्त १.२५ हेक्टर, म्हणजे आमच्या हिशेबानें तीन एकर चार गुंठ्यांच्या आंत-बाहेर, जमीन मिळाली. तेव्हां काखेतीचा बागाइतदार हा कोणी जमीनदार नव्हे. आमच्याच लहान खातेदारासारखा तो आहे.

रांजणाची घडण.— त्याच्या घरांत जी वस्तु आमच्या बागाइतदाराच्या घरीं नाहीं, ती म्हणजे जमिनींत पुरलेला रांजण. त्यास ते ‘क्वेव्री’ म्हणतात. आकार अंड्यासारखा, बूड निमुळतें, तोंड अरुंद. शंभर लिटरांपासून तीन हजार लिटरांवर माईल इतके लहानमोठे रांजण असतात. वर्दिसुबानी या गांवीं ते घडविणारे कारागीर आहेत. हा रांजण चाकावर होत नाहीं. मातीच्या जाड वळ्या एकीवर एक चढवीत, खालचा थर पुरता आवळल्यावर वरचा घालीत तो हातानें उभा करितात. मोठ्या रांजणास दोन-तीन महिने लागतात. नंतर लांकडाच्या भट्टींत सुमारें आठवडाभर भाजून, तो गरम असतांनाच आंतून मधमाश्यांचें मेण फिरवितात, म्हणजे सूक्ष्म छिद्रें बुजतात. मग तो घराच्या कोठींत अगर अंगणांत गळ्यापर्यंत पुरावयाचा. या कोठीस ‘मारानी’ म्हणतात. आमच्या वाचकांपैकीं वृद्धांनीं धान्याचीं पेवें पाहिलीं असतील. मारानींत शिरतांच आम्हांस त्यांचीच आठवण झाली. जमिनीवर नुसतीं गोल तोंडें दिसतात, सारें भांडार खालीं.

पुरण्यांत तीन हेतु आहेत. पहिला, जमिनीच्या पोटांत उष्णमान वर्षभर बहुतेक सारखें, १३ ते १५ अंशांच्या सुमारास, राहतें. त्यामुळें आंबण्याची क्रिया बेताची चालते व पुढें वाइन उन्हाळ्यांतहि बिघडत नाहीं. दुसरा, आंतील रसाचा भार भोंवतालची माती पेलते, म्हणून मातीच्या भांड्यास तो फोडूं शकत नाहीं. तिसरा हेतु निमुळत्या बुडाचा. आंबणें संपल्यावर प्रथम बिया टोंकाशीं बसतात, त्यांवर गाळ बसतो, व साली त्याच्यावर राहतात. अशा रीतीनें बियांचा तुरटपणा वरच्या वाइनींत फारसा उतरत नाहीं. यंत्राविना, विजेविना, केवळ भांड्याच्या आकारानें गाळणीचें काम साधलें आहे.

कृति.— तोडणीच्या दिवसांस ‘रत्वेली’ म्हणतात. तो सणच असतो. शहरांत नोकरीस गेलेले मुलगे-मुली घरीं येतात, शेजारी हात लावावयास येतात. ओंडका कोरून केलेल्या लांब द्रोणींत द्राक्षें टाकून पायांनीं तुडवितात. हल्लीं बहुतेक घरीं हातानें फिरवावयाचें चरक आलें आहे. निघालेला रस, साली, बिया व पिकलेल्या देंठांसह रांजणांत ओततात; काखेतीच्या रीतीचें वैशिष्ट्य हेंच कीं, पांढऱ्या द्राक्षाचा रसहि सालीसकट ठेवितात, म्हणून ती वाइन पिंगट, अंबरासारख्या रंगाची होते. बाहेरून विरजण घालीत नाहींत. सालीवर स्वभावतः असणाऱ्या किण्वानेंच रस आंबतो व साखरेचें मद्यार्कांत रूपांतर होतें. या दिवसांत साली वर फुगून येतात. त्या दिवसांतून तीन-चार वेळां लांब दांड्यानें खालीं दाबाव्या लागतात, रात्रींहि उठून. आंबणें थांबून साली खालीं बसल्या म्हणजे तोंडावर दगडी अगर लांकडी झांकण ठेवून, ओल्या मातीनें लिंपून, पांच-सहा महिने हात लावीत नाहींत. वसंतांत उघडून निवळ वाइन दुसऱ्या रांजणांत काढतात. एक टन द्राक्षांपासून ६०० ते ७०० लिटर वाइन निघते. उरलेला चोथा भट्टींत घालून तिखट मद्य काढतात. त्यास ‘चाचा’ म्हणतात. हें नांव ऐकून आम्हां दोघां बंधूंस हंसूं आवरलें नाहीं.

या धंद्याचें अर्धें काम धुणें हें आहे. रिकामा रांजण चेरीच्या सालीच्या कुंच्यानें घांसून, पाण्यानें पुनःपुन्हा धुऊन, धुतलेलें पाणी निवळ येईतों सोडीत नाहींत. मोठ्या रांजणांत माणसास उतरावें लागतें. आंबतांना निघणारा कर्बाम्लवायु जड असून बुडाशीं सांठतो. म्हणून उतरण्यापूर्वीं वारा खेळवून खात्री करून घ्यावी लागते, जशी आमच्याकडे पेवांत दिवा सोडून पाहण्याची चाल होती. या साऱ्या रीतीची नोंद युनेस्को संस्थेनें २०१३ सालीं मानवजातीच्या जिवंत वारशांत करून घेतली.

गिऱ्हाईक गेलें तेव्हां.— आतां मुख्य मुद्यास येतों. सोव्हिएत काळांत मोठे कारखाने निघाले. त्यांनीं रांजण बहुतेक बाजूस सारले, अनेक जातींऐवजीं दोन-तीन जातींचें अमाप पीक मागितलें, व सर्व माल उत्तरेकडे रशियांत जाऊं लागला. १९८५ सालीं गोर्बाचेव्ह यांच्या दारूविरोधी मोहिमेंत कित्येक बागा उपटण्यांत आल्या. स्वातंत्र्यानंतरहि निर्यातीचा बहुतांश भाग रशियाच घेत असे. २००६ च्या मार्चांत रशियानें मालाच्या शुद्धतेविषयीं तक्रार काढून जॉर्जियाच्या वाइनला बंदी केली; ती २०१३ पर्यंत टिकली. दोन्ही देशांचें राजकीय वितुष्ट प्रसिद्धच होतें.

आमच्या यजमानांस बंधूंनीं विचारलें, ‘‘त्या सालीं तुम्हीं काय केलें?’’ यजमान म्हणाले कीं, हंगाम आला तेव्हां कारखान्याचे दलाल फिरकले नाहींत; आले त्यांनीं तोडणीचा खर्चहि निघणार नाहीं असा भाव सांगितला. तेव्हां त्यांनीं घरचे तीनहि रांजण भरले. वडिलांच्या वेळचा एक रांजण कोठीच्या कोंपऱ्यांत मातीखालीं गेला होता, तो उकरून, आठ दिवस धुऊन, तोहि भरला. उरलेला माल पडेल भावानें गेला. पुढील दोन वर्षें ती वाइन तिबिलिसींतील ओळखीच्या घरीं थोडी थोडी विकली. ‘‘श्रीमंत झालों नाहीं,’’ ते म्हणाले, ‘‘पण वेल उपटावा लागला नाहीं.’’

हें ऐकून बंधु बराच वेळ त्या चौथ्या रांजणाच्या तोंडाशीं उभे होते. आम्हींहि कांहीं बोललों नाहीं.

रांजणानें त्या शेतकऱ्यास पैसा दिला नाहीं, तर वेळ दिला. पिकलेलें द्राक्ष चार दिवस थांबत नाहीं. नीट ठेवलेली वाइन चार हंगाम थांबते. ज्यास थांबतां येत नाहीं त्यास भाव करतां येत नाहीं. गरजवंतास अक्कल नसते, अशी आपल्यांत म्हणच आहे. आमच्या बंधूंचें द्राक्ष काखेतीच्या द्राक्षाइतकेंच वाइनचें होतें; त्यांची मेहनतहि कमी नव्हती. फरक एवढाच कीं, यजमानांचें भांडें त्यांच्या अंगणांत होतें, व बंधूंचें भांडें दुसऱ्याच्या कारखान्यांत.

घरचा पाहुणा.— बंदीच्या वर्षांत दुसरी एक गोष्ट वाढीस लागली. परदेशचे लोक ही रांजणाची रीत पाहण्यास येऊं लागले, व काखेतीच्या शेतकऱ्यांनीं त्यांस घरांतच जागा दिली. त्यांच्या भाषेंत ‘पाहुणा देवाकडून येतो’ अशी म्हण आहे. अतिथिधर्म आपणांसहि अपरिचित नाहीं. आम्ही उतरलों तें घर दुमजली होतें. वर लांकडी सज्जा, अंगणांत मांडवावर चढविलेला द्राक्षवेल. वरच्या दोन खोल्या पाहुण्यांच्या; आंथरूण-पांघरूण स्वच्छ, न्हाणीघर साधें. सकाळीं अंगणांतील भट्टींत भाजलेली लांब रोटी, घरचें चीज, टोमॅटो, काकडी व आक्रोड. दुपारीं मडक्यांत शिजविलेली राजम्याची उसळ, व आक्रोडाचें वाटण भरलेलीं वांगीं. आमच्यासारख्या शाकाहाऱ्याची मुळींच अडचण झाली नाहीं. वाइन नको म्हणतांच गृहिणीनें ताज्या रसाचा पेला पुढें केला, व ‘चुर्चखेला’ दिली: दोऱ्यांत ओंवलेले आक्रोड पीठ घालून आटविलेल्या द्राक्षरसांत बुडवून वाळविलेले. हा पदार्थ महिनोगणती टिकतो. तोहि एक रांजणच म्हणावा.

रात्रीं पंगत बसली. तिचा एक यजमान ठरलेला असतो, त्यास ‘तमादा’ म्हणतात. तो सांगेल तेव्हांच, व तो ज्यांचें स्मरण करील त्यांच्या नांवानें पेला उचलावयाचा: प्रथम ईश्वर व शांतता, मग पूर्वज, मग मुलेंबाळें, मग पाहुणे. आम्हीं रसाचा पेला उचलला. कोणी हंसलें नाहीं.

शेतकऱ्याच्या हिशेबानें पाहतां या व्यवहाराचें मर्म असें आहे. पाहुणा खोलीचें भाडें देतो तें तर आहेच; परंतु त्याच्या ताटांत पडणारें चीज, रोटी, भाजी, मध हें सर्व शेतावरचें असून, हमाली, तोलाई, अडत व गाडीभाडें न भरतां दारांतच किरकोळ भावानें विकलें जातें. वाइन तो स्वतःच्या डोळ्यांदेखत रांजणांतून काढलेली घेतो, म्हणून तिच्या शुद्धतेविषयीं शंका घेत नाहीं. आणि घरीं गेल्यावर आणखी चौघांस पत्ता देतो.

दुसरी बाजू.— हें चित्र एकरंगी नाहीं, तेंहि सांगणें अवश्य आहे. रांजणाची वाइन देशाच्या एकंदर उत्पादनाचा लहानसा अंश आहे. बहुतेक माल आजहि कारखान्यांतच होतो. बंदी उठल्यावर रशिया पुन्हा सर्वांत मोठें गिऱ्हाईक बनला आहे, व जाणत्या लोकांस त्याची धास्ती वाटते. पाहुण्यांवरहि सर्व भिस्त ठेवतां येत नाहीं: २०२० च्या मार्चांत महामारीमुळें सरहद्दी बंद झाल्या आणि पाहुण्यांच्या खोल्या रिकाम्या पडल्या. त्या सालीं पुन्हा कारखाना व रांजण यांनींच हात दिला, असें यजमान म्हणाले. म्हणजे एकाचा आधार तुटला तर दुसरा असावा, हाच त्यांतील सारांश. मद्यानें घरें बुडतात ही गोष्टहि खरी आहे, व ती तेथील लोक नाकारीत नाहींत.

आपण काय घ्यावें.— आमच्याकडे परवान्याशिवाय वाइन करणें १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वयें गुन्हा आहे. तेव्हां हा लेख वाचून कोणीं घरांत रांजण पुरूं नये. घेण्याजोगी वस्तु रांजण नव्हे, तर रांजणामागील थांबण्याची शक्ति होय. खाण्याच्या द्राक्षांचा बेदाणा करण्याची सोय, मग ती चार शेजाऱ्यांनीं मिळून केलेली शेड असो, शीतगृहांतील भागी असो, हे आमचे रांजण. सर्व क्षेत्र एकाच खरेदीदारास लागणाऱ्या जातीखालीं घालूं नये. करार करतांना तीन गोष्टी पाहाव्या: खरेदी करणें हें खरेदीदारावर बंधनकारक आहे कीं त्याच्या इच्छेवर; माल नाकारल्यास प्रत कोण ठरविणार; व न उचलल्यास भरपाई काय. या तीन प्रश्नांचीं उत्तरें कागदावर नसतील, तर भावाचा आंकडा कितीहि मोठा असो, तो आंकडा नव्हे.

पाहुण्यांविषयीं म्हणाल तर आमची तोडणी जानेवारी ते मार्च, म्हणजे शहरच्या लोकांस बाहेर पडण्यास उत्तम ऋतु. राज्य सरकारनें २०२० सालीं कृषिपर्यटनाचें धोरण जाहीर केलें असून, पर्यटन खात्याकडे नोंदणी करतां येते. मोठी इमारत नको. स्वच्छ खोली, स्वच्छ शौचकूप, घरचें जेवण व खरें बोलणें एवढें पुरे. औषध फवारलेल्या बागेंत मुदत संपेपर्यंत पाहुण्यांस नेऊं नये, हें मात्र कटाक्षानें पाळावें.

आमच्या बंधूंनीं परत आल्यावर मोठा उद्योग कांहींच आरंभिला नाहीं. दोघां शेजाऱ्यांसह बेदाण्याची एक लहान शेड उभी केली आहे, व जुन्या घराच्या दोन खोल्यांस फरशी घालून नोंदणीचा अर्ज दिला आहे. अर्ज आमच्याच हातचा आहे. या खेपेस त्यांतील प्रत्येक शब्द आम्हीं दोनदां वाचला.